टाकीच्या तोंडाशी

आमच्या ह्यांनी सख्ख्या जावयाला नापास केलं, तेव्हा मी कॅन्टीनच्या खिडकीत उभी राहून चहा गाळत होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कुणी येऊन माझे कान भरले असते, तर मी विश्वास ठेवला नसता.

खलाशांना शिकवणाऱ्या ज्या संस्थेत हे शिकवतात, तिथलं कॅन्टीन मी चालवते. नवराबायको एकाच ठिकाणी कामाला असली की भांडणं निम्मी होतात म्हणे. आमची दुप्पट झाली. हे बोसन होते, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे मुकादम. निवृत्त झाल्यावर संस्थेने त्यांना बोलावून घेतलं. इथे येणारी पोरं आधी वर्गात बसतात, मग बाहेर अंगणात प्रत्यक्ष करून दाखवतात. ते जमलं की प्रमाणपत्र. ते हातात असल्याशिवाय कंपनी जहाजाच्या पायरीवर पाऊल ठेवू देत नाही.

अंगणाच्या मधोमध एक जुनी लोखंडी टाकी आहे, एखाद्या खोलीएवढी. वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं गोल तोंड, खाली उतरायला शिडी, आणि आत अंधार. जहाजावर अशा बंद जागा पुष्कळ असतात आणि कधी कधी त्यांतली हवा मेलेली असते. वास येत नाही, धूर दिसत नाही. माणूस शिडी उतरतो आणि खाली बसतो तो उठतच नाही. वरचा म्हणतो, अरे, ह्याला झालं काय, आणि त्याला काढायला जातो. मग तोही तिथेच बसतो. ह्यांच्या तरुणपणी एका जहाजावर असे तिघे एकामागून एक गेले. चौथे हे होते. एक पाय आत पडलासुद्धा होता. कुणीतरी कमरेचा पट्टा धरून मागे ओढलं. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी जेवता जेवता सांगितली, आणि सांगून झाल्यावर मीठ मागितलं.

म्हणून ह्यांच्या परीक्षेत एकच गोष्ट बघायची असते. टाकीच्या तोंडाशी एकाला पहाऱ्याला उभा करतात. दुसरा आत उतरतो आणि थोड्या वेळाने कोसळतो. पहाऱ्यावरच्याने भोंगा वाजवायचा, वॉकी-टॉकीवर कळवायचं, आणि पाठीवर हवेची बाटली बांधलेली माणसं येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आत पाय टाकायचा नाही. बस, एवढंच.

ऐकायला सोपं आहे. बाकीच्या संस्थांत तर आणखी सोपं करून ठेवलंय. तिथे वाळूच्या पोत्याला कपडे घालून आत टाकतात. ह्यांना ते पटत नाही. "पोत्यासाठी कोण जीव टाकतो? पोत्यापुढे मीसुद्धा शहाणा," असं म्हणतात. हे आत कुणाला पाठवतात, तर पहाऱ्यावर जो उभा आहे त्याच्या सगळ्यात जवळच्या दोस्ताला. आणि त्याला आधीच सांगून ठेवतात, पडलास की ह्याला हाका मार. गयावया कर. रड. लाजू नकोस.

आमच्या जावयाचा सगळ्यात जवळचा दोस्त म्हणजे गवई. गवई हे त्याला पोरांनी ठेवलेलं नाव. सुराशी त्याचं काही नातं नव्हतं, पण तोंडात सतत काहीतरी गुणगुणणं चालू. दोघं एका गल्लीत वाढले, एका बाकावर बसले, एकाच वेळी समुद्रावर जायचं खूळ डोक्यात घेतलं. गवईला बाप नव्हता. आईने शिलाईच्या मशीनवर त्याला वाढवलं होतं. कॅन्टीनमध्ये आला की तो भांड्याचं झाकण उचलून आत डोकवायचा आणि मी हातावर चमचा मारायचे. मला तो आवडायचा. अशी कुणाच्या पोटात चटकन शिरणारी पोरं असतात, त्यांतला होता.

त्या दिवशी पहिली पाळी गवईची होती. तो तोंडाशी उभा, जावई आत. आमचा जावई नाटकात जन्मात चालला नसता. आतून "वाचवा, वाचवा" असं म्हणाला ते दुकानदाराला सुटे पैसे मागितल्यासारखं. गवईने भोंगा वाजवला, वॉकी-टॉकीवर स्वच्छ आवाजात सगळं सांगितलं, आणि मग वाकून म्हणाला, "जरा जोरात मर की. बोसनना ऐकू जात नाहीये." सगळी पोरं हसली. ह्यांच्या मिशीतही काहीतरी हललं. "थंड डोक्याचा आहे," हे मला नंतर म्हणाले. "पाय हलले नाहीत त्याचे. मला तेवढंच बघायचं असतं."

मग जावयाची पाळी. गवई आत उतरला आणि त्याने असा काही आकांत मांडला की माझ्या हातातली गाळणी थांबली. "मला दिसत नाही रे," म्हणाला, "माझी आई एकटी आहे रे." जावयाने वॉकी-टॉकी फेकला आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत तो शिडीवरून खाली होता. हे घड्याळाकडे बघत शांत उभे राहिले. जरा वेळाने टाकीत वाकले आणि म्हणाले, "दोघेही मेलात. वर या आता, चहा थंड होतोय."

आणि कागदावर लिहिलं, नापास.

घरी जे व्हायचं ते झालं. लेक माझी सात महिन्यांची गरोदर, नवऱ्याची जहाजावर चढायची तारीख ठरलेली, तीही गवईच्याच जहाजावर, आणि मध्ये आडवा कोण, तर जन्मदाता बाप. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. आमच्याकडे सासराच दहावा ग्रह निघाला.

"बाबा, माणसाने माणसाला वाचवायला धावणं हा गुन्हा आहे का?" लेकीने विचारलं.

"गुन्हा नाही. चूक आहे," हे म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

मी म्हटलं, "अहो, इतकं काय धरून बसायचं? देव तारी त्याला कोण मारी."

"देव तारतोच," हे म्हणाले. "त्यालाही आत हवा लागते."

दुसऱ्या वेळी जावई पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळीही. त्या तिसऱ्या वेळी तर तो जाणूनबुजून पाय रोवून उभा होता, भोंगाही वाजवला होता, आणि आतून एक बारीक हाक आली आणि संपलं. संस्थेत पोरं कुजबुजायला लागली. कुणी म्हणालं, बोसन जावयावर खार खाऊन आहे. कुणी म्हणालं, लेक दिल्याचा पश्चात्ताप होतोय. मला तर त्या आठवड्यात ह्यांचं तोंड बघवत नव्हतं. आपल्याच माणसासाठी एवढा दगड होतो कुणी? परक्या पोराला हसत हसत पास करतो, आणि घरच्याला धारेवर धरतो. मी चिडून त्यांच्या चहात साखर घालायचं बंद केलं. ते बिनसाखरेचा प्यायले.

लेकीने नवऱ्याला सुचवलं, दुसऱ्या संस्थेत जा, तिथे एका दुपारीत होतं. खरंच होतं. तिथे पोत्याकडे बघून भोंगा वाजवला की झालं. जावई म्हणाला, "तिथलं मिळेल गं. पण मग बाबांच्या समोर जेवायला कसा बसू?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या प्रकरणात मुकाट सोसणारा तो एकटाच आहे, बाकी आम्ही सगळे नुसते आरडाओरडा करणारे.

त्या संध्याकाळी हे आणि जावई घराच्या मागच्या पायरीवर बसले होते आणि मी आत भांडी घासत होते. संस्थेत हे त्याला अरे-तुरे करतात, घरात जावई म्हणून अहो-जाहो.

"उतरताना तुमच्या मनात काय असतं?" ह्यांनी विचारलं.

"काहीच नसतं, बाबा. हाक ऐकू येते आणि मी खालीच असतो."

"तो वाचावा असं वाटतं ना?"

"हो."

"मग वर एक जिवंत माणूस लागतो. कुठे पडलाय, कसा पडलाय, हे येणाऱ्यांना सांगणारा. तुम्ही खाली गेलात की ते सांगणारं कुणी उरत नाही. एकाची दोन मढी होतात, आणि पहिला वाचायची जी आशा होती तीही जाते."

जावई म्हणाला, "आणि बाटलीवाले उशिरा आले तर?"

मी नळ बंद केला. मला ह्यांचं उत्तर ऐकायचं होतं.

"तर उशिरा आले," हे म्हणाले. "तरी उभंच राहायचं. टाकीची कड दोन्ही हातांनी धरा आणि सोडू नका. मला दुसरा उपाय माहीत नाही."

चौथ्या वेळी त्याने कड धरली. गवई आत ओरडत होता, रडत होता, ह्याच्या होणाऱ्या बाळाची शपथ घालत होता. आणि आमचा जावई ती कड धरून उभा होता. भोंगा वाजवून झाला, कळवून झालं, आणि मग नुसतं उभं राहणं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. बाटली बांधलेली पोरं आली, गवईला वर काढलं. गवई बाहेर येताच ह्याच्या गळ्यात पडला, "काय रे दगडा, मेलो ना मी!" असं म्हणून हसला. जावई कॅन्टीनच्या मागे जाऊन ओकला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर म्हणाला, "आई, फार वाईट असतं हो हे." हे आत बसून प्रमाणपत्रावर सही करत होते. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. मला वाटलं, स्वभावच मेला तसा.

दोघं एकाच जहाजावर गेले. लेकीला मुलगी झाली. जावयाने फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि मागून गवई ओरडला, "सुरात रडते, माझ्यावर गेली." आम्ही सगळे हसलो.

पुढे एका सकाळी संस्थेचे प्रमुख, आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणतो, स्वतः कॅन्टीनमध्ये आले. ते कधी येत नाहीत, त्यांचा चहा वर जातो. त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं. जहाजावर अपघात झालाय. बंद जागेत एक खलाशी गेला. तुमच्या वर्गातल्या त्या दोघांपैकी एक. कोण ते अजून कळलेलं नाही.

मी खांबाला धरून उभी राहिले आणि मनात एकच म्हटलं, तो दुसरा असू दे. नाव घेऊन म्हटलं. ज्याच्या हातावर चमचा मारायचे, त्याचं नाव घेऊन. आणि तसं म्हणताना मला काहीही वाटलं नाही. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, त्यांचाच फोन होता, आई, ते बोलले, ते आहेत. माझा जीव भांड्यात पडला आणि मी हसले. सगळ्यांसमोर, मोठ्याने हसले. हे कपांच्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे गवई."

कसं झालं ते नंतर कळलं. जहाज लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेलं होतं. बंद ठेवलेलं लाकूड आतली हवा खाऊन टाकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा ह्यांनी सांगितलं. ओंडके ठेवतात त्या तळघरात उतरायला एक अरुंद जिन्याची खोली असते. तिचं झाकण उघडून, हवा खेळू देऊन, यंत्राने मोजून मग आत जायचं होतं. यंत्र आणायला आमचा जावई गेला. गवईने झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, आणि त्याच्या खिशातली विजेरी खाली पडली. फार खाली नाही, पहिल्या टप्प्यावरच. वरून दिसत होती. हात थोडा लांब असता तर वरूनच मिळाली असती.

तो विजेरी घ्यायला उतरला. 'आत जातोय' असं त्याला वाटलंच नसणार. पडलेली वस्तू उचलायला माणूस वाकतो, तसा तो उतरला. इतकं शिकलेला, पहिल्या फटक्यात पास झालेला. त्याने शिकून ठेवलं होतं ते दुसरा पडला तर काय करायचं ते.

जावई यंत्र घेऊन परत आला तेव्हा गवई टप्प्यावर बसलेला होता, विजेरी हातात. जावयाने भोंगा वाजवला, कळवलं, झाकणाची कड धरली. बाटलीवाले आले, ते उशिराही आले नाहीत. पण लाकडाने खाल्लेल्या हवेत दोन श्वाससुद्धा पुष्कळ होतात.

कंपनीने चौकशी केली आणि जावयाला शाबासकीचं पत्र दिलं. पहारेकऱ्याने सर्व काही नियमाप्रमाणे केलं, त्यामुळे दुसरा जीव वाचला. तो दुसरा जीव आमच्या घरात खिडकीशी बसून असायचा. जेवायचा, आंघोळ करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. मुलीला मात्र हातात घेत नव्हता. म्हणायचा, "पडेल माझ्या हातून." ह्यांच्याशी तो एक अक्षर बोलत नव्हता आणि हेही त्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. लेक मला स्वयंपाकघरात धरून रडायची, "आई, मला ते परत मिळाले म्हणून आनंद होतो, आणि लगेच लाज वाटते." मी तिला काय सांगणार? माझंही तेच होतं.

गवईची आई त्यानंतर काही आठवड्यांनी आली. दुपारची वेळ होती. मी दार उघडलं आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, मी तिच्या चपलांकडे बघत "या" म्हटलं. ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं ते तिने हातात धरून ठेवलं. हे आतून आले आणि दाराच्या चौकटीशी थांबले.

जावई समोर येऊन जमिनीवर बसला.

"तू होतास ना तिथे?" तिने विचारलं.

"हो, मावशी."

"बोलला का काही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. इथे शिकताना तो केवढा ओरडायचा. तिथे नुसता बसला होता. माझ्याकडे बघत होता की नाही, तेही मला कळलं नाही."

"आणि तू काय केलंस?"

जावयाने मान खाली घातली. इतक्या दिवसांत आम्हाला कुणालाच त्याने हे सांगितलं नव्हतं. "मी आलोच म्हणत होतो," तो म्हणाला. "आलोच, आलोच, असं सारखं म्हणत होतो. आणि जात नव्हतो. मला माहीत होतं मी जाणार नाही, तरी म्हणत होतो."

आणि मग तो रडला. परत आल्यापासून पहिल्यांदा, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. गवईच्या आईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "कुणीतरी येतंय असं वाटत तरी गेला असेल तो."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर मला ते सोपं गेलं असतं.

मग तिने ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही ह्याला तीनदा नापास केलंत म्हणे."

"हो," हे म्हणाले.

"गल्लीत सगळे तुम्हाला नावं ठेवत होते. मीही ठेवली. माझ्या पोरालाही म्हटलं, कसला हा सासरा." तिने जावयाकडे बघितलं. "म्हणून वाचला हा."

ह्यांनी चौकट धरली.

"आणि माझ्याला?"

"पहिल्याच वेळी पास झाला तो," हे म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"हुशार होता," ती म्हणाली. "शाळेतही कधी नापास झाला नाही."

"हो. हुशार होता."

तिने पदर सारखा केला आणि उठली. रागावलेली नव्हती. घरी आलेल्या माणसाला, जेवून का नाही गेलात, असं विचारावं तशा सुरात ती म्हणाली, "आपला समजून एकदा तरी नापास करायचं होतंत त्याला."

उभ्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीला ह्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. ह्यांनी हात जोडले. मीही जोडले.